शब्दांची सफर : म्तू, कितू आणि ऊतू

बालमित्रांनो, महाबळेश्वर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? स्ट्रॉबेरी, मध, वेण्णा तलावातली होडी, पंचगंगेचं देऊळ आणि मग एकामागून एक ते पॉइंट. आर्थर सीट, एल्फिन्स्टन, लॉडविक, विल्सन... सगळी साहेबांची नावं! साहेब केव्हाच गेले, नावं मात्र दगडाला चिकटलेल्या शेवाळासारखी राहिली. आज असंच एका साहेबाचं नाव धरून आपण थेट समुद्रापलीकडे, आफ्रिकेत जाणार आहोत. हे नाव आहे फ्रेअर.

बार्टल फ्रेअर हा इंग्रज अधिकारी आधी साताऱ्याच्या दरबारी रेसिडेंट होता. १८४९ साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं, तेव्हाही तो तिथेच होता. पुढे १८६२ ते १८६७ या काळात तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. त्या काळी उन्हाळा आला की मुंबई सरकारचा कारभार महाबळेश्वरला हलायचा. १८६४ साली तिथे एक इमारत उभी राहिली. तिच्यात वाचनालय होतं आणि नाटकांसाठी रंगमंचही होता. तिचं नाव फ्रेअर हॉल.

आता गंमत बघा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केनिया देशात, मोंबासा नावाचं मोठं बंदर आहे. तिथल्या एका वस्तीचं नाव आहे फ्रेअर टाउन! साताऱ्याच्या डोंगरातलं नाव मोंबासाच्या किनाऱ्यावर कसं पोचलं? ते सांगतोच. पण वाटेत आपल्याला एक भाषा भेटणार आहे, तिच्याशी आधी ओळख करून घ्यायला हवी. कारण फ्रेअर टाउनच्या गोष्टीतलं खरं मर्म त्या भाषेच्या व्याकरणात दडलंय. व्याकरण म्हटल्यावर तोंड वाकडं करू नका हं. हे व्याकरण टोप्या बदलण्याच्या खेळासारखं आहे.

एकच वारा, दोन किनारे

जूनमध्ये महाबळेश्वरला धो-धो पाऊस घेऊन येणारा नैर्ऋत्येचा वारा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून वाहत येतो. हिवाळ्यात तो उलटा फिरतो आणि आपल्याकडून आफ्रिकेकडे वाहतो. शिडाच्या जहाजांना एवढंच हवं होतं. एका वाऱ्यावर स्वार होऊन जायचं, दुसऱ्यावर परत यायचं. शेकडो वर्षं अरब, गुजराती, कोकणी, आफ्रिकी असे सगळे खलाशी या वाऱ्यांवर ये-जा करत होते. किनाऱ्यावरच्या लोकांनी या वाऱ्यांना नावंही दिली होती. उत्तरेकडून येणारा तो 'कास्काझी' आणि दक्षिणेकडून येणारा तो 'कूसी'.

या किनाऱ्याची भाषा म्हणजे स्वाहिली. अरबी भाषेत किनाऱ्याला 'साहिल' म्हणतात. हिंदी गाण्यांत हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्याचं अनेकवचन 'सवाहिल', त्यावरून स्वाहिली. म्हणजे किनाऱ्याची भाषा. आज टांझानिया, केनिया, युगांडा, काँगो अशा कितीतरी देशांत ती बोलली जाते. ती बोलणाऱ्यांची संख्या वीस कोटींहून अधिक असल्याचं युनेस्को ही संस्था सांगते. २०२१ साली युनेस्कोने ७ जुलै हा जागतिक स्वाहिली दिन ठरवला, आणि २०२२ पासून तो साजरा होऊ लागला.

मराठी माणसाला स्वाहिली ऐकताना मधूनच ओळखीचे चेहरे दिसतात. पेसा म्हणजे पैसा, चाय म्हणजे चहा, चपाती म्हणजे चपाती, साबूनी म्हणजे साबण, हेसाबू म्हणजे हिशेब, बंदारी म्हणजे बंदर, रंगी म्हणजे रंग, लाकी म्हणजे लाख, दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी. यांतले काही शब्द अरबी-फारसीतून त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. काही आपल्याच किनाऱ्यावरून जहाजात बसून तिकडे गेले. केनियात २००७ साली मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय सुरू झाली, तिचं नाव 'एम-पेसा'. त्यातला 'एम' मोबाइलचा आणि 'पेसा' आपल्या ओळखीचा!

आणि आगगाडीला ते काय म्हणतात? 'गारी ला मोशी'. मोशी म्हणजे धूर. धुराची गाडी! आपल्या आजोबांच्या पिढीला इंजिनातली आग दिसली, त्यांच्या आजोबांना धूर दिसला. गाडी एकच.

पण एक सावधगिरी घ्यायची बरं का. दिसायला सारखे असलेले सगळेच शब्द नातेवाईक नसतात. 'लायन किंग' हा १९९४ सालचा चित्रपट तुम्ही पाहिला असेल. त्यातल्या छाव्याचं नाव सिंबा. स्वाहिलीत सिंबा म्हणजे सिंहच. पण आपला 'सिंह' आणि त्यांचा 'सिंबा' यांचं काही नातं नाही. तो अस्सल आफ्रिकी शब्द आहे. रस्त्यात एखादा माणूस अगदी आपल्या काकांसारखा दिसतो, म्हणून तो काका थोडाच होतो?

शेपटी आणि टोपी

शब्द उसने घेतले म्हणून भाषा उसनी होत नाही. भाषेचा सांगाडा म्हणजे तिचं व्याकरण. स्वाहिलीचा सांगाडा अस्सल आफ्रिकेतला, 'बांटू' घराण्यातला आहे.

आधी आपली मराठी बघू. 'चांगला मुलगा पडला. चांगली मुलगी पडली. चांगलं मूल पडलं. चांगली मुलं पडली.' बघा, बदल कुठे होतोय? शब्दाच्या शेवटी. ला, ली, लं, ली. एका शब्दाने शेपटी हलवली की बाकीचेही हलवतात.

स्वाहिलीत शेपटी नाही, टोपी बदलते. म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचं अक्षर. शाळेत तुम्ही उपसर्ग शिकलात ना, तसं. 'म्तोतो' म्हणजे मूल. (हा 'म्' म्हणताना ओठ मिटून क्षणभर हुंकार द्यायचा आणि मग 'तोतो' म्हणायचं.) एकापेक्षा जास्त मुलं असली की 'म्' ची टोपी काढायची आणि 'वा' ची घालायची. झालं 'वातोतो'!

वस्तूंची टोपी वेगळी. एक असेल तर 'कि', अनेक असतील तर 'वि'. किसू म्हणजे सुरी, विसू म्हणजे सुऱ्या. कीती म्हणजे खुर्ची, वीती म्हणजे खुर्च्या. आता अख्खं वाक्य घेऊ.

म्तोतो म्झूरी आमेआंगुका : चांगलं मूल पडलं.
वातोतो वाझूरी वामेआंगुका : चांगली मुलं पडली.
किताबू किझूरी किमेआंगुका : चांगलं पुस्तक पडलं.
विताबू विझूरी विमेआंगुका : चांगली पुस्तकं पडली.

मोठ्याने वाचून बघा. कवायतीच्या तासाला एका रंगाच्या टोप्या घालून रांग चालल्यासारखं वाटतं की नाही? नाम, विशेषण, क्रियापद, सगळ्यांच्या डोक्यावर 'वि-वि-वि'. ('म्तोतो' च्या क्रियापदावर 'म्' ऐवजी 'आ' येतो, एवढा एक अपवाद लक्षात ठेवा.)

या वाक्यांतला 'किताबू' ओळखलात ना? आपला किताब! हा शब्द मुळात अरबी. त्यातला 'कि' हा शब्दाचाच भाग आहे, टोपी नव्हे. पण स्वाहिली लोकांनी तो ऐकला आणि म्हटलं, अरे, याने तर आपलीच टोपी घातलीय! मग अनेकवचन आपोआप ठरलं, 'विताबू'. मोटारी आल्या, चौकात गोल वाहतूक बेटं आली, त्यावर इंग्रजीत 'कीप लेफ्ट' अशी पाटी लागली. म्हणजे डावीकडून जा. झालं! त्या वाहतूक बेटाचंच नाव पडलं 'किपिलेफ्ती', आणि दोन बेटं असली की 'विपिलेफ्ती'! 'मडगार्ड' चं झालं 'मादिगादी'. पण 'मा' ही तर अनेकवचनाची टोपी. एक गारी, अनेक मागारी. तेव्हा एकच मडगार्ड असेल तर? 'दिगादी'!

हसू आलं ना? पण आपणही तेच करतो. 'बाटली' हा परदेशातून आलेला शब्द, आपण त्याला 'ली' ची शेपटी लावली आणि 'बाटल्या' केल्या. टेबलची टेबलं केली, पेनची पेनं केली. पाहुणा आपल्या पंगतीला बसला की आपल्या पद्धतीने जेवतो. जिवंत भाषेची ही खूणच आहे.

आणखी एक. स्वाहिलीत 'सोमा' म्हणजे वाचणं किंवा शिकणं. 'निनासोमा' म्हणजे मी वाचतो किंवा वाचते. 'निलिसोमा' म्हणजे मी वाचलं, 'नितासोमा' म्हणजे मी वाचीन. पुढचा 'नि' म्हणजे मी, मधला डबा काळाचा, शेवटचा डबा कामाचा. छोटी मालगाडीच ती! 'आनासोमा' म्हणजे तो वाचतो, आणि ती वाचते म्हणजेसुद्धा 'आनासोमा'. स्वाहिलीत तो आणि ती असा भेदच नाही.

बांटू म्हणजे कोण?

स्वाहिलीला पुष्कळ भावंडं आहेत. कॅमेरूनपासून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत सुमारे पाचशे भाषा एकाच घराण्यातल्या आहेत. मराठी, गुजराती, बंगाली जशा बहिणी, तशा. माणसाला स्वाहिलीत म्हणतात 'म्तू', अनेकवचनी 'वातू'. झुलू भाषेत 'उमुंटू' आणि 'अबांटू'. लिंगाला भाषेत 'मोतो' आणि 'बातो'. कान देऊन ऐकलं की नातं कळतं. विल्हेल्म ब्लीक नावाच्या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात या भाषांचा तौलनिक अभ्यास केला आणि घराण्याला नाव दिलं 'बांटू'. म्हणजे काय? तर 'माणसं'. साधं आणि सुंदर नाव, नाही का?

भाषेच्या नावालाही टोपी असते. स्वाहिली बोलणारे आपल्या भाषेला 'किस्वाहिली' म्हणतात. ही 'कि' ची टोपी वस्तूंची तशी भाषांचीही. हिंदी म्हणजे 'किहिंदी', इंग्रजी म्हणजे 'किइंगेरेझा'. युगांडात तर एका शब्दाची चार रूपं सापडतात. तिथला एक माणूस 'मुगांडा', अनेक माणसं 'बागांडा', त्यांचा प्रदेश 'बुगांडा' आणि त्यांची भाषा 'लुगांडा'. टोपी बदला, अर्थ बदला!

एका अक्षराचं अंतर

आता मुख्य गोष्ट. 'म्तू' म्हणजे माणूस, हे आपण पाहिलं. यातली 'म्' ची टोपी काढून 'कि' ची घातली तर? 'कितू'. कितू म्हणजे वस्तू! मूळ तेच, 'तू'. फक्त एका अक्षराचं अंतर. आणि 'ऊ' ची टोपी घातली की होतो 'ऊतू' (दूध ऊतू जातं ते ऊतू नव्हे हं!). स्वाहिलीत ऊतू म्हणजे माणुसकी. आपल्याकडे माणूस आणि माणुसकी, त्यांच्याकडे म्तू आणि ऊतू. झुलू भाषेत हाच शब्द 'उबुंटू' होतो. तुमच्या आई-बाबांनी तो ऐकला असेल, एका संगणक प्रणालीलाही ते नाव दिलेलं आहे.

कागदावर म्तूचा कितू करायला एक खोडरबर पुरतं. पण मुलांनो, या किनाऱ्यावर खऱ्याखुऱ्या माणसांचं असं केलं गेलं. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या आतल्या भागातून माणसं पकडून, साखळ्यांत बांधून किनाऱ्यावर आणत. झांझिबार बेटावर त्यांचा उघड बाजार भरे. तुमच्या वयाची, तुमच्याहून लहान मुलंसुद्धा त्यात असत. जहाजात भरून त्यांना अरबस्तानाकडे, इराणच्या आखाताकडे नेत. गुलामाला स्वाहिलीत 'म्तुम्वा' म्हणतात. 'तुमा' म्हणजे पाठवणं आणि 'म्तुम्वा' म्हणजे ज्याला पाठवलं जातं तो. पण नीट बघा, डोक्यावर टोपी कोणती आहे? 'म्' ची. माणसाची! बाजाराने त्याची किंमत ठरवली, यादीत त्याला माल म्हणून लिहिलं. भाषा मात्र त्याला माणसांच्याच रांगेत उभं करत राहिली. व्याकरणाने कुणाच्या बेड्या तुटत नाहीत, हे खरं. पण खरं काय आणि खोटं काय, याची साक्ष ते देत असतं.

नाशिकची मुलं

ब्रिटिश आरमाराची जहाजं समुद्रात गुलामांची गलबतं अडवत आणि सोडवलेल्या लोकांना कधी एडनला, कधी मुंबईला उतरवत. त्यांतली काही मुलं नाशिकला पोचली. तुम्ही नाशिकचे असाल तर शरणपूर रोड तुम्हाला माहीत असेलच. १८५० च्या दशकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तिथे शरणपूर ही वस्ती वसवली. तिथे विल्यम प्राइस नावाच्या पाद्र्याच्या देखरेखीखाली या आफ्रिकी मुलांची शाळा चाले. मुलं लिहाय-वाचायला शिकत, सुतारकाम आणि लोहारकामही शिकत. बरीचशी बांटू भाषा बोलणाऱ्या घरांतली. आईने शिकवलेली भाषा मागे राहिली, शाळेत इंग्रजी, बाजारात मराठी. जुनं नाव गेलं आणि बाप्तिस्म्याबरोबर नवं इंग्रजी नाव मिळालं.

अशाच एका मुलाचं नाव जेकब वेनराइट. तो याओ जमातीचा. त्याची मातृभाषा चियाओ. (ही 'चि' म्हणजे भाषेची टोपी, 'कि' ची सख्खी बहीण!) आफ्रिकेचा प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबईला आला, तेव्हा गव्हर्नर फ्रेअरच होता. लिव्हिंग्स्टनच्या प्रवासासाठी नाशिकच्या शाळेतून नऊ तरुण निघाले. पुढे १८७२ साली आणखी काही जण त्याच्या मदतीला गेले, त्यांत जेकब होता.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबिया देशात, चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. सोबत्यांनी त्याचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. मग चुमा आणि सुसी या दोघांच्या पुढारीपणाखाली ही मंडळी तो देह घेऊन निघाली. दलदली, ताप, उपासमार यांना तोंड देत, सुमारे नऊ महिने चालत, फेब्रुवारी १८७४ मध्ये ती किनाऱ्यावर बागामोयोला पोचली. यातला चुमाही याओच होता आणि काही काळ मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला होता.

या साऱ्या हकिगतीत एक छोटी गोष्ट आहे. लिव्हिंग्स्टन गेल्यावर त्याच्या पेट्या उघडून सामानाची यादी करायचं ठरलं. लिहिता कुणाला येत होतं? जेकबला. यादी त्याने केली. विचार करा, ज्या मुलाला एकेकाळी मालाच्या यादीत घातलं होतं, त्याच्याच हातात आता लेखणी होती! १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनचं दफन झालं, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत नाशिकच्या शाळेत शिकलेला जेकबही होता.

घंटेपाशी

आता फ्रेअरसाहेबाकडे वळू. गव्हर्नरपद सोडल्यावर ब्रिटिश सरकारने त्याला झांझिबारच्या सुलतानाकडे पाठवलं. गुलामांचा समुद्रमार्गे व्यापार बंद करा, ही मागणी घेऊन. सुलतान बर्गश आधी तयार नव्हता. अखेर जून १८७३ मध्ये करार झाला आणि झांझिबारचा तो बाजार बंद पडला. तिथली गुलामगिरी कायद्याने जायला मात्र १८९७ साल उजाडलं.

सोडवलेल्या माणसांनी राहायचं कुठे? मोंबासाजवळ १८७५ च्या सुमारास एक वस्ती वसवली गेली. वसवायला नाशिकचेच प्राइस पाद्री गेले. नाशिकला वाढलेले आफ्रिकी तरुण-तरुणीही तिथे गेले. लोक त्यांना म्हणू लागले 'बॉम्बे आफ्रिकन'. वस्तीला नाव दिलं फ्रेअर टाउन. या बॉम्बे आफ्रिकनांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे १८८५ साली धर्मोपदेशक झाले.

पण फ्रेअरला देवमाणूस समजू नका. हाच फ्रेअर पुढे दक्षिण आफ्रिकेत मोठा अधिकारी झाला आणि १८७९ साली झुलू लोकांवर युद्ध लादण्यात त्याचाच मोठा वाटा होता. एका बांटू लोकसमूहाच्या मुलांना आसरा देणाऱ्या वस्तीला ज्याचं नाव, त्याच्याच हुकमाने दुसऱ्या बांटू लोकांच्या घरांना आग लागली. पाटीवरचं नाव आपल्याला अर्धीच गोष्ट सांगतं. उरलेली आपण शोधायची असते.

फ्रेअर टाउनला एक घंटा टांगली होती. गुलाम पकडणारे चालून आले तर वस्तीला सावध करण्यासाठी. तो घंटेचा मनोरा आजही तिथे आहे. आणि मोंबासाची माणसं त्या जागेला काय म्हणतात? 'केंगेलेनी'. केंगेले म्हणजे घंटा. शेवटचा 'नी' म्हणजे आपल्या 'त' किंवा 'पाशी' सारखा. न्युंबा म्हणजे घर, न्युंबानी म्हणजे घरी. शुले म्हणजे शाळा, शुलेनी म्हणजे शाळेत. (हा शुले शब्द जर्मनांकडून आलेला. टांझानियावर काही काळ त्यांचं राज्य होतं.) तेव्हा केंगेलेनी म्हणजे घंटेपाशी! सरकारी कागदात साहेबाचं नाव राहिलं, पण लोकांच्या जिभेवर राहिली ती सावध करणारी घंटा. भाषा काय जपायचं ते असं आपलं आपण ठरवते.

आणि येणं-जाणं एकाच बाजूने नव्हतं बरं का. महाबळेश्वरहून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीच्या निवासी शाळांत पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय कुटुंबांची मुलं शिकायला येत. १९४६ साली झांझिबारला जन्मलेला फारूख बलसारा हा पारशी मुलगा १९५० च्या दशकात पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला आणि तिथेच त्याने पियानो गाजवला. पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने तो जगप्रसिद्ध गायक झाला. सुट्टीत घरी गेल्यावर त्याच्या गावच्या रस्त्यांवर कानी पडायची ती भाषा आपण आज शिकतोय.

भाषा शिकणं म्हणजे नुसते शब्द पाठ करणं नाही. समोरच्याला कोणती टोपी घालायची, हे आपण रोज ठरवत असतो. वर्गात कुणाला त्याच्या नावाने न बोलवता 'ए जाड्या', 'ए चष्मिस' म्हणतो, घरी काम करायला येणाऱ्या मावशींचं नावही आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा एका अक्षराचं ते अंतर आपणही पुसत असतो. पालकांनो, हे वाक्य तुमच्यासाठीसुद्धा आहे! म्तू तो म्तूच. त्याचा कितू होऊ द्यायचा नाही, हाच ऊतू.

चला, डोकं खाजवा

१. 'म्गेनी' म्हणजे पाहुणा. तुमच्या घरी चार पाहुणे आले तर?
२. 'विआझी' म्हणजे बटाटे. एकच बटाटा असेल तर?
३. 'सोको' म्हणजे बाजार. बाजारात कसं म्हणाल?
४. 'म्वालिमू' म्हणजे शिक्षक, हा अरबी 'मुअल्लिम' वरून आला. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्यरेरे मुळात शिक्षक होते, म्हणून लोक त्यांना प्रेमाने म्वालिमूच म्हणत. त्यांनी शेक्सपिअरची दोन नाटकं स्वाहिलीत आणली. आता सांगा, तुमच्या शाळेतले सगळे शिक्षक एकत्र उभे असले तर?
५. आणि हे सगळ्यात सोपं : आपल्या मराठी भाषेला स्वाहिलीत काय म्हणत असतील?

(उत्तरं : १. वागेनी २. किआझी ३. सोकोनी ४. वालिमू ५. किमराठी)

पाचही बरोबर? शाबास! आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या वर्गात किंवा वाड्यात मराठीखेरीज दुसरी कोणती भाषा घरी बोलणारं कुणी आहे का, शोधा. त्यांच्या भाषेत 'चांगलं मूल' आणि 'चांगली मुलं' कसं म्हणतात ते विचारून वहीत लिहा. बदल कुठे होतो, डोक्याकडे की शेपटीकडे, की कुठेच नाही? आणि हो, ज्याला विचाराल त्याचं नाव आधी विचारायला विसरू नका.

निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. स्वाहिली लोक म्हणतात 'क्वाहेरी'. यातला 'हेरी' म्हणजे अरबी 'खैर', म्हणजे भलं, कल्याण. तेव्हा दोस्तांनो, पुढच्या अंकापर्यंत क्वाहेरी!